सलूमच्या पुढचं वेळापत्रक

कैरो ते कासाब्लांका हे अंतर तीन हजार सहाशे ऐंशी किलोमीटर आणि विमानाचा वेळ पाच तास वीस मिनिटं, हे हाजी रिफअतनं तिकिटं आली त्याच दिवशी एका कोऱ्या कार्डावर लिहून फ्रीजवर चिकटवलं होतं. खाली त्याचा हिशेब होता. उड्डाण दुपारी अडीच, कैरोचा सूर्यास्त सहा वाजून तीन, म्हणजे रोजा सुटणार हवेत, साडेतीन तासांनी. विमान पश्चिमेला जाणार, तिकडे सूर्य उशिरा मावळतो, म्हणून वर अर्धा तास. खजूर सात, पेरूच्या रसाचा खोका एक. हिशेबाखाली दोन रेघा ओढल्या होत्या. हाजीनं दोन रेघा ओढल्या की त्या विषयावर घरात पुन्हा कुणी बोलत नसे.

त्याची बायको सुहैर तीन दिवस जाता-येता हे कार्ड वाचत होती आणि विमान हा शब्द आला की नजर वळवत होती. तिला विमानाचीच भीती होती. हिशेबाबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. वेळेच्या बाबतीत हाजीवर शंका घ्यायची तर सय्यदा झैनब या त्यांच्या मोहल्ल्यातल्या निम्म्या वस्तीवर घ्यावी लागली असती, कारण ती वस्ती त्याच्याच कागदावर जेवत होती.

फगाला या पेठेतल्या हाजीच्या छापखान्यात वर्षभर लग्नपत्रिका आणि औषधांच्या दुकानांची पाकिटं निघत. पण नाव होतं ते रमजानच्या वेळापत्रकासाठी. तीस दिवस, रोजची सहेरी, रोजचा सूर्यास्त, मिनिटासकट. खाटीक, केशकर्तनालयवाले आणि निवडणुकीला उभे राहणारे लोक ते शेकड्यांनी छापून घेत आणि वर आपापला फोटो टाकत. खाली बारीक अक्षरांत परगावची मिनिटं असत: अलेक्झांड्रियाला पाच मिळवा, मत्रूहला सोळा, सलूमला चोवीस. सलूमला देश संपतो आणि गिऱ्हाईकही संपतं, म्हणून वेळापत्रकही तिथंच संपे. त्याच्याखाली बोटभर जागा रिकामी उरायची. रिकामी जागा हाजीला बघवत नसे. तिथं तो कुराणातली एक ओळ टाकायचा: तुमच्यातला जो आजारी असेल किंवा प्रवासात असेल, त्यानं तेवढे दिवस नंतर भरून काढावेत. अडतीस वर्षं ही ओळ त्या जागेत नेमकी बसत आली होती.

अकरा वर्षांपूर्वी एक घोळ झाला. एकोणिसाव्या रोजाच्या ओळीत सूर्यास्ताला दोन मिनिटं कमी पडली आणि मशिदीची बांग होण्याआधी अर्ध्या वस्तीनं खजूर तोंडात टाकले. मशिदीचे शेख म्हणाले, अल्ला मनातलं बघतो, छपाई बघत नाही. हाजीला हे पटलं नाही. छपाई न बघणारा कुणी असू शकतो हेच त्याला पटेना. तेव्हापासून तो वर्षभर सोमवार-गुरुवार रोजे धरी, आणि रमजानात बांग झाल्यावरही घड्याळ बघत आणखी दोन मिनिटं थांबे. समोर सूप निवत राही. सुहैरनं अकरा वर्षांत गरम सूप प्यायलं नव्हतं.

त्यात सात वर्षांपूर्वी साखर निघाली. डॉक्टरनं सांगितलं, गोळी घेऊन रोजा धरायचा नाही. हाजीनं डॉक्टरशी कागदाच्या भावासारखी घासाघीस करून अर्धी गोळी आणि पूर्ण रोजा असा सौदा ठरवला. डॉक्टरनं तो मान्य केला नव्हता, पण हाजी दारातून बाहेर पडला होता. या प्रवासाच्या आधी शेखांनी स्वतः घरी येऊन सांगितलं की प्रवाशाला सूट आहे.

"ती सूट उंटावरच्या माणसाला," हाजी म्हणाला. "मी खुर्चीत बसून जाणार. पुढ्यात एक बाई पाणी घेऊन उभी राहणार. हा काय प्रवास झाला, शेखसाहेब?"

दोन वर्षांपूर्वी, बाविसाव्या रोजाला, तो छापखान्यात कागद कापायच्या यंत्राशेजारी पडला. पातं तेव्हा वर होतं, एवढंच नशीब. त्या दिवसापासून सुहैरनं खुणा पाठ केल्या होत्या. त्या याच क्रमानं येत. आधी हट्ट. ही खूण निरुपयोगी होती, कारण ती बाराही महिने दिसे. मग मानेवर गार घाम. मग जांभया. मग हाताचा कंप. आणि सगळ्यात शेवटी तो आपल्या धाकट्या भावाबद्दल, फतहीबद्दल, जिवंत असल्यासारखं बोलायचा. फतहीला जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्या दिवशी छापखान्यात तो "फतही, कागद सरळ धर" म्हणाला आणि कोसळला.

मुलगी दालिया कासाब्लांकात दिलेली. तिला मुलगी झाली होती आणि सातव्या दिवशी नाव ठेवायचं होतं. सातवा दिवस काही रमजान संपायची वाट बघत नाही. म्हणून ही दोघं अडीचच्या विमानात बसली होती, आणि विमान दोन पन्नासला सुटलं.

चाकांनी जमीन सोडली तेव्हा सुहैरनं जे जे पाठ होतं ते सगळं एका दमात म्हणून टाकलं. डोळे उघडले तेव्हा खिडकीशी बसलेला हाजी मजेत खाली बघत होता आणि डाव्या बाजूनं ऊन त्याच्या मांडीवर आलं होतं. तिच्या दुसऱ्या बाजूला लहसन नावाचा मोरोक्कोचा माणूस बसला होता. टायरचा धंदा. मोरोक्कोची बोली कैरोत कुणाला कळत नाही, पण कैरोचे सिनेमे मोरोक्कोत सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्यामुळे तो जुन्या सिनेमातल्या खलनायकासारखं अस्सल कैरोचं बोलत होता. बोलता बोलता त्यानं मांडीवर वर्तमानपत्र उघडलं आणि त्याच्याआड पाव-चीज खाल्लं. मी प्रवासी आहे, असं तो कुणी न विचारताच म्हणाला. हाजीनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

समोरच्या पडद्यावर एक इवलंसं विमान नकाशावर सरकत होतं. खाली उरलेलं अंतर, उरलेला वेळ. हाजीनं खिशातून आपलं वेळापत्रक काढलं, यंदाचं, वर एका खाटकाचा हसरा फोटो असलेलं, आणि पडद्याशी ताडून बघायला लागला. अलेक्झांड्रिया, पाच. थोड्या वेळानं मत्रूह, सोळा. त्याच्या आवाजात बरोबर उत्तर आलेल्या विद्यार्थ्याचा आनंद होता. डावीकडे दूर किनाऱ्याचा पिवळा पट्टा दिसला तेव्हा तो म्हणाला, "ते बघ, सलूम. चोवीस."

मग विमानानं उजवीकडे कलून समुद्र धरला. लिबियावरून कुणी नेत नाही, वळसा घालतात, असं लहसननं सांगितलं. पडद्याप्रमाणे एकूण प्रवासाचे पाच तास वीस मिनिटं तेवढ्यात पाच तास सव्वीस झाले होते. अंतर लिहिणारा सरळ रेषेत लिहितो, त्याचं काय जातं.

हाजीनं कागद घडी घालून खिशात ठेवला. सलूमच्या पुढं त्यानं कधी काही छापलं नव्हतं.

घड्याळात सहा वाजून तीन मिनिटं झाली तेव्हा विमानात एकदम बांग सुरू झाली. एक नव्हे, चाळीस-पन्नास. प्रत्येकाच्या फोनमध्ये कैरोची वेळ भरलेली होती आणि फोनला कुणी सांगितलं नव्हतं की आपण ट्यूनिसच्या आसपास आहोत. पिशव्या उघडल्या, खजुरांचा वास सुटला. पुढच्या रांगेतल्या पोरसवद्या इंजिनियरनं बिस्मिल्ला म्हणून बाटली तोंडाला लावली. सुहैरनं सुटकेचा श्वास टाकला आणि पिशवीतला डबा काढला. मग तिचं लक्ष हाजीकडे गेलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

सूर्य चांगला दोन कासरे वर होता. पांढरा, धगधगीत, दुपारचाच म्हणावा असा.

"थांब," हाजी म्हणाला.

दोन मिनिटांत विमानातल्या प्रत्येक रांगेत एकेक मुफ्ती तयार झाला. एक म्हणे, सहेरी कैरोत केली, मग रोजाही कैरोच्या वेळेला सुटतो. दुसरा म्हणे, जिथं देह तिथं सूर्य. तिसरा म्हणे, खालच्या जमिनीचा सूर्य धरायचा, विमानाचा नाही. चौथा नुसताच खात होता. हाजीनं पुढच्या सीटवर वाकून इंजिनियरला सांगितलं की बाळा, सूर्य दिसतोय.

"काका, खिडकी लावून घ्या," तो म्हणाला. "मग नाही दिसणार."

आसपासचे लोक हसले. हाजीही हसला असता, पण इंजिनियरनं पुरावा म्हणून खिशातून एक कागद काढून वर धरला. "इथं छापलंय. सहा वाजून तीन. छापलेलं खोटं असतं का?"

कागदावर खाटकाचा हसरा फोटो होता.

सुहैरनं नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि तिला अकरा वर्षांपूर्वीचा एकोणिसावा रोजा आठवला. हाजी पट्टा सोडून उभा राहिला. निळा स्कार्फ बांधलेली हवाई सुंदरी बसा बसा करत धावत आली. हाजीनं तिला हातानं थांबवलं आणि कुठंही आवाज न चढवता सगळ्या विमानाला सांगितलं की हे वेळापत्रक छापणारा माणूस मी आहे. हे कैरोचं आहे. सलूमपर्यंत चालतं, पुढं नाही. ज्यांनी खाल्लं त्यांनी एक दिवस भरून द्यावा आणि त्याचं पाप माझ्या माथी. ज्यांनी खाल्लं नाही त्यांनी सूर्य मावळेपर्यंत थांबावं. मी थांबलोय.

काहींनी अर्धे खजूर परत डब्यात ठेवले. एक म्हातारी हाजीला दुवा द्यायला लागली. सुहैरनं मात्र डब्याचं झाकण लावून टाकलं. आतापर्यंत तो नुसता हट्टी होता, आता तो सगळ्यांच्या देखत हट्टी झाला होता. या दोन हट्टांत किती अंतर असतं हे चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला कुणी सांगायला नको.

तिनं हळूच लहसनला विचारलं की इथं सूर्य मावळायला किती वेळ लागतो.

"या विमानात मावळत नाही," लहसन म्हणाला.

"म्हणजे?"

"मी नऊ वेळा आलोय, बाई. तो पश्चिमेला पळतो, आपण त्याच्या मागं पळतो. विमान त्याला पकडत नाही, पण सोडतही नाही. आपण उतरू, मग वीस-पंचवीस मिनिटांनी तो मावळेल." त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वर्तमानपत्र मिटलं. "का? काय झालं?"

तिनं मनातल्या मनात बेरीज केली. तिच्या बेरजेला दोन रेघा नसत, पण ती बरोबर येत असे. कैरोच्या घड्याळानं आता सव्वासहा. उतरायचं सव्वाआठला. सूर्य साडेआठच्या पुढं. हाजीनं शेवटचा घास घेतला पहाटे सव्वाचारला, त्याच्याबरोबर अर्धी गोळी. चौदा तास झाले होते. छापखान्यात पडला तेव्हा तेरा झाले होते. अजून सव्वादोन तासांच्या वर काढायचे होते, आणि त्यातले दोन तास जमिनीपासून अकरा किलोमीटर वर, जिथं धावत येणारा शेजारचा औषधवाला नव्हता.

तिनं हाजीला हे सांगितलं. लहसनचं नाव घेऊन, नीट, आवाज न चढवता. हाजीनं डोळे मिटून ऐकलं. एका अंशाला चार मिनिटं, एवढं त्याला माहीत होतं. चार चोक सोळा, चार सक चोवीस, हे त्यानं जन्मभर केलं. पण माणूस एकोणचाळीस अंश ओलांडून जेवायला बसेल असं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

"माझा हिशेब चुकला," तो म्हणाला. एवढं म्हणून त्यानं डोळे उघडले. मग त्यानं उत्तर दिलं, आणि तेच उत्तर तिला नको होतं. "पण सूर्य चुकलेला नाही. थांबू."

तिनं मानेकडे बघितलं. सदऱ्याची कॉलर ओली झाली होती. विमानात थंडी होती.

ती उठून मागं गेली आणि निळ्या स्कार्फच्या मुलीला सगळं सांगितलं. मुलगी शहाणी होती. म्हणाली, सूर्य मावळला की कप्तान घोषणा करतील, पण रस मी आत्ता देते, त्यांनी घ्यायला हवा. जबरदस्ती कशी करणार. विमानात डॉक्टर आहे का, असं विचारू का? सुहैर घाईनं नको म्हणाली. सगळ्या विमानादेखत डॉक्टर आला तर हाजी मरेल पण तोंड उघडणार नाही. मुलीनं रसाचा पेला तिच्या हातात दिला, वर साखरेच्या पाच पुड्या दिल्या, आणि मी इथंच आहे म्हणाली. सुहैर पेला घेऊन जागेवर परत आली.

"हे काय?" हाजीनं विचारलं.

"माझ्यासाठी."

"घे मग. तुला सूट आहे." आणि त्यानं जांभई दिली.

तिनं पेला खाली, पायांपाशी ठेवला. पडद्यावर उरलेला वेळ एक तास एकोणतीस. ती सूर्याकडे बघत होती. तो उतरत होता, पण सरकारी कचेरीतल्या कागदासारखा, पुढं गेला की नाही कळू नये असा. अल्जीरियाचे डोंगर खालून जात होते आणि एकेका डोंगरावर ऊन पडलेलं स्वच्छ दिसत होतं. उजेडाची भीती वाटावी, असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. अंधार पडू दे, एवढं एकच ती मागत होती. कैरोत घरी आतापर्यंत भांडीसुद्धा घासून झाली असती.

हाजीनं दुसरी जांभई दिली, मग तिसरी. मांडीवरचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यानं तो दुसऱ्या हातानं दाबून धरला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. तिनं कपाळाला हात लावला. कपाळ ओल्या संगमरवरासारखं लागलं.

"हाजी, तुमच्या मुलीला बाळ झालंय. तिच्यासमोर तुम्हाला स्ट्रेचरवरून नेऊ का मी?"

तो शांतपणे म्हणाला, "लोकांना सांगितलंय मी."

"लोक जेवून झोपले."

खरोखरच झोपले होते. इंजिनियर तोंड उघडं टाकून घोरत होता. जे हाजीच्या भाषणानं थांबले होते त्यांच्यातलेही बरेचसे अर्ध्या तासानं हळूच सुरू झाले होते. विमानात आता सूर्याची वाट बघणारा हाजी होता, ती दुवा देणारी म्हातारी होती आणि सुहैर होती. सुहैरला आपण अजून रोजात आहोत हे आठवतही नव्हतं.

"फतहीला कळवलंस का?" हाजीनं विचारलं.

तिच्या कानांत विमानाचा आवाज एकदम मोठा झाला.

"काय?"

"फतहीला. उशीर होईल म्हणून. तो दार उघडून बसला असेल."

लहसननं तिच्याकडे बघितलं. तिनं त्याला काहीच सांगितलं नव्हतं, पण तो सरळ होऊन बसला. सुहैरला रडू आलं नाही. पाठ केलेल्या खुणांमधली ही शेवटची होती, हिच्यानंतर काय येतं ते तिला माहीत होतं, आणि तेवढ्या वेळात याला पटवणार कोण? अल्लाची सूट त्याला नको होती. डॉक्टरचं, शेखांचं त्यानं ऐकलं नव्हतं. मुलीचं नाव काढून झालं होतं. या माणसाला आयुष्यात एकाच गोष्टीची भीती वाटत आली होती.

तिनं त्याच्या खिशात हात घालून वेळापत्रक काढलं आणि उलगडून त्याच्या तोंडासमोर धरलं.

"हाजी, यात चूक पडलीय."

त्याची मान ताठ झाली. "कुठं?"

"सगळ्यात खाली. शेवटच्या ओळीत. वाचा."

"तिथं नाही पडायची."

"पडलीय. किती हजार छापलेत यंदा? वाचा तुम्ही."

त्यानं चष्मा चाचपडला. तो नाकावरच होता. कागद जवळ धरला, मग लांब, मग उन्हात. ओठ हलले. पहिल्या शब्दाला तो अडला, पुन्हा मागं आला, पुन्हा अडला. अडतीस वर्षं उलटी, आरशातली अक्षरं सरळ वाचणारा माणूस होता तो.

"शाई पसरलीय," तो म्हणाला.

"तुमचीच छपाई आहे."

"अक्षरं..." त्यानं कागदावर बोट ठेवलं, जणू ती पळू नयेत. "अक्षरं जागेवर उभी राहत नाहीत गं."

मग त्यानं कागद खाली घेतला आणि तिच्याकडे बघितलं. पातं वर असलेल्या यंत्राशेजारी पडला तेव्हाही त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती. आता होती.

"मला वाचता येत नाहीये," तो अगदी हळू म्हणाला, तिला एकटीलाच ऐकू जाईल असं.

परक्या माणसांसमोर सुहैर त्याला कधी नावानं हाक मारत नसे. "रिफअत," ती म्हणाली, "तोंड उघड."

त्यानं उघडलं.

पहिला घोट गळ्याखाली उतरला, दुसरा हनुवटीवरून सदऱ्यावर. लहसननं साखरेच्या पुड्या दातांनी फाडून पेल्यात रिकाम्या केल्या आणि बोटानंच ढवळलं. पेला संपला. मग पेरूचा रस, मग खजूर, एकेक, चावून झाला का बघून. निळ्या स्कार्फची मुलगी दुसरा पेला घेऊन कधी येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नाही. खिडकीतून सूर्य हे सगळं सरळ आत बघत होता.

सुहैर त्याचा हात धरून पडद्यावरची मिनिटं मोजत बसली. सहा मिनिटं काही झालं नाही आणि त्या सहा मिनिटांत ती दोनदा विधवा झाली. नवव्या मिनिटाला कंप कमी झाला. चौदाव्याला त्यानं लहसनला विचारलं की टायरच्या धंद्यात छापील पावत्या कुठून घेता. तेव्हा तिनं हात सोडला.

इंजिनियर जागा झाला होता. त्यानं मागं वळून रिकामा पेला बघितला, हाजीचा ओला सदरा बघितला. काय झालं ते त्याच्या लक्षात आलं असावं. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "काका, आता लावू का खिडकी?"

"राहू दे," हाजी म्हणाला. "सगळं त्यानं बघितलंय."

कासाब्लांका दिसायला लागल्यावर हाजीनं कागद पुन्हा उघडला आणि कुराणातली ती शेवटची ओळ वाचली. एकदा, मग बोट ठेवून पुन्हा एकदा.

"चूक कुठंय?"

"नाहीये."

"मग का वाचायला लावलंस?"

"वाचली का आता?"

"अडतीस वर्षं छापतोय मी ही ओळ."

"नुसती छापत होतात," सुहैर म्हणाली.

त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला. चाकं जमिनीला टेकली, विमान धडधडलं, आणि तिच्या ध्यानात आलं की गेले दोन तास आपण विमानाला घाबरायचं विसरलो होतो. तेवढ्यापुरती ती घाबरली. तिथल्या घड्याळात सव्वासहा वाजले होते. कैरोत सव्वाआठ.

पासपोर्टच्या रांगेत लहसननं निरोप घेतला आणि दुकानाचा पत्ता लिहून दिला, गाडी नसली तरी या म्हणाला. रांग लांब होती. पलीकडे काचेची भिंत होती आणि काचेपलीकडे धावपट्टीच्या टोकाला सूर्य, आता लाल, जमिनीला लागलेला. सगळी रांग तिकडेच तोंड करून उभी होती. सुहैर हाजीच्या मानेकडे बघत होती. कॉलर वाळली होती.

"तू काही खाल्लंस?" त्यानं विचारलं.

तिला आठवावं लागलं. तिनं नाही म्हणून मान हलवली.

त्यानं डबा उघडला. खजूर एकच उरला होता. तो त्यानं तिच्या तळहातावर ठेवला आणि काचेकडे बघत राहिला. सूर्याचा शेवटचा तुकडा गेला, कुठंतरी शहरात रोजा सुटल्याचा भोंगा वाजला, रांगेत बाटल्यांची झाकणं फिरायला लागली. हाजीनं घड्याळ बघितलं.

"दोन मिनिटं थांब," तो म्हणाला.

सुहैरनं खजूर तोंडात टाकला आणि भरल्या तोंडानं म्हणाली, "थांबले."